गावाची व्हल्नरेबिलिटी काढायची म्हणजे नक्की काय मोजायचं? (कृष्णाकाठ, १२ गावं, २ महिने)

पलूसकरीण:

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक प्रश्न आहे, वाचाल ही अपेक्षा.

मी एका छोट्या संस्थेत काम करते. आमच्याकडे कृष्णाकाठची बारा गावं आहेत, नऊ पलूस तालुक्यातली आणि तीन मिरजेतली. ज्यांच्याकडून पैसे येतात त्यांनी यंदा सांगितलंय की आधी गावांचं 'क्लायमेट व्हल्नरेबिलिटी असेसमेंट' करा, म्हणजे हवामानाच्या फटक्यांना कुठलं गाव किती असुरक्षित ते मोजा, बारा गावांना नंबर लावा, आणि पहिल्या चार गावांना निधी. मुदत दोन महिने. टीम म्हणजे मी, एक एमएसडब्ल्यूचा इंटर्न आणि आमचे अकाउंटंट जे गाडी पण चालवतात.

आता मी वाचायला बसले आणि डोकं जास्तच फिरलं. २०२१ चं उदाहरण घ्या. एप्रिलमध्ये केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाचा रिपोर्ट आला, १४ निर्देशक (मोजायच्या गोष्टी) घेऊन सगळ्या राज्यांचा इंडेक्स, म्हणजे एकत्रित आकडा, काढलेला, त्यात झारखंड सगळ्यात वर आणि आपला महाराष्ट्र चक्क कमी असुरक्षित राज्यांच्या गटात. मग ऑक्टोबरमध्ये दिल्लीच्या सीईईडब्ल्यू या संस्थेचा रिपोर्ट आला, त्यात देशातली सगळ्यात असुरक्षित पाच राज्यं म्हणजे आसाम, आंध्र, महाराष्ट्र, कर्नाटक, बिहार. आणि जिल्ह्यांमध्ये सांगलीचं नाव घेऊन उल्लेख. म्हणजे एकाच वर्षात आपण तळाला पण आणि वर पण. आणि या दोन रिपोर्टच्या मधल्या जुलैत आमच्या स्वयंपाकघरात गुडघाभर पाणी होतं, ते वेगळंच.

तर प्रश्न असे की १) या दोघांतलं खरं कोण? २) गावपातळीवर कुठली पद्धत घ्यावी, म्हणजे इंडेक्स काढावा की लोकांमध्ये बसून नकाशे वगैरे करावेत? ३) वजन म्हणजे वेटेज कसं ठरवतात, सगळ्यांना सारखं दिलं तर चालतं का? ४) 'व्हल्नरेबिलिटी'ला मराठीत काय म्हणू गावात? मी परवा मीटिंगमध्ये 'भेद्यता' म्हणाले तर सरपंच म्हणे कुणाला भेटायचंय.

—

थेसिस_रखडलेला:

ताई, हा गोंधळ फक्त तुमचा नाही, या विषयावर पाच वर्षं घालवलेल्या माणसाचा पण आहे (अनुभवाचे बोल).

दोन्ही रिपोर्ट खरे आहेत, पण दोघांनी वेगळा प्रश्न विचारलाय आणि शब्द मात्र एकच वापरलाय. आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांची हवामान बदलावरची शास्त्रज्ञांची समिती) २००७ च्या चौथ्या अहवालापर्यंत व्हल्नरेबिलिटीत तिन्ही गोष्टी एकत्र धरायचे: धोक्याच्या तोंडी तुम्ही किती आहात, म्हणजे एक्स्पोजर, धक्का बसला तर तुमचं किती बिघडतं, म्हणजे सेन्सिटिव्हिटी, आणि त्यातून सावरायची किती ताकद आहे, म्हणजे अडॅप्टिव्ह कपॅसिटी. २०१४ च्या पाचव्या अहवालात मांडणी बदलली. आता मोठा शब्द 'रिस्क' म्हणजे जोखीम, आणि तो तीन गोष्टींतून बनतो, हॅझर्ड (पूर, दुष्काळ अशी घटना), एक्स्पोजर आणि व्हल्नरेबिलिटी. म्हणजे व्हल्नरेबिलिटी आता फक्त आतली गोष्ट राहिली, सेन्सिटिव्हिटी आणि सावरायची ताकद. पाऊस किती पडतो, नदी किती लांब आहे हे त्यातून बाहेर काढलं.

एप्रिलवाल्या रिपोर्टने ही नवी व्याख्या घेतली. त्यांचे निर्देशक बघा, दारिद्र्यरेषेखालचे लोक, अल्पभूधारकांचं प्रमाण, कोरडवाहू शेती, पीकविमा, आरोग्य कर्मचारी, रोजगार हमी, रस्ते-रेल्वे वगैरे. पूर नावाची गोष्टच त्यात थेट नाही. या हिशोबात महाराष्ट्र झारखंडपेक्षा बरा निघणारच. शिवाय सगळ्या राज्यांचे आकडे साधारण ०.४२ ते ०.६७ च्या मध्येच आहेत, त्यामुळे 'कमी' म्हणजे सुरक्षित नव्हे, हे त्या रिपोर्टमधेच म्हटलंय, पण बातमीत तेवढं कोण छापतो. ऑक्टोबरवाल्यांनी पूर, दुष्काळ, वादळ यांच्या घटना मोजणीत घेतल्या, त्यामुळे सांगली वर आली.

तुमच्या जवळचं उदाहरण देतो. हरिपूरची हळदीची पेवं. जमिनीत खणलेली, वर्षानुवर्षं हळद टिकायची, कीड नाही काही नाही. २००५ च्या महापुरात पाणी शिरलं आणि पेवांचं वाटोळं झालं. आता समजा शेजारी शेजारी दोन व्यापारी, एकाची हळद पेवात, दुसऱ्याची उंच जोत्याच्या गोदामात. पाऊस तोच, पूर तोच, दोघांचं अंतर नदीपासून तेवढंच. तरी एकाचं सगळं गेलं, दुसऱ्याचं थोडं. हा जो फरक आहे ना, ती आजच्या व्याख्येतली व्हल्नरेबिलिटी. आणि ज्याचं गेलं त्याचा विमा होता का, भाऊ पुण्यात नोकरीला होता का, की सावकाराकडे गेला, ती सावरायची ताकद.

तुमच्या कामासाठी माझं मत, रिस्कवाली मांडणी घ्या. कारण पैसे देणाऱ्यांना पूर तर हवाच आहे त्यात. फक्त हॅझर्ड-एक्स्पोजर एका कागदावर ठेवा आणि व्हल्नरेबिलिटी दुसऱ्या कागदावर, लगेच एकत्र करू नका. एकदा एकत्र केलं की गाव नंबर एकला का आलं हे कुणालाच सांगता येत नाही.

—

आकडेमोड:

वरच्यांनी व्याख्या सांगितली, मी हिशोबाचं सांगतो, कारण सगळ्यात जास्त फसवणूक तिथे होते आणि मुद्दाम नाही, नकळत होते.

इंडेक्स काढायची नेहमीची रीत अशी, प्रत्येक निर्देशक ० ते १ मध्ये आणायचा. गावाच्या आकड्यातून सगळ्यात लहान आकडा वजा करायचा आणि भागायला सगळ्यात मोठ्यातून लहान वजा. समजा कच्च्या घरांचं प्रमाण तीन गावांत १०, २५ आणि ६० टक्के. मधल्या गावाचा स्कोअर १५ भागिले ५०, म्हणजे ०.३०. आता यादीत चौथं गाव आलं, तिथे ९० टक्के कच्ची घरं. मधल्या गावाचा स्कोअर झाला १५ भागिले ८०, म्हणजे ०.१९. त्या गावात एक वीट हलली नाही, तरी ते कागदावर सुरक्षित झालं! म्हणून हा स्कोअर म्हणजे ताप मोजल्यासारखा नाही, वर्गातल्या नंबरासारखा आहे. बाकीची पोरं बदलली की नंबर बदलतो. मागच्या वर्षीच्या स्कोअरशी तुलना करताना हे डोक्यात ठेवा.

जे निर्देशक चांगले आहेत (साक्षरता, पक्के रस्ते) ते उलटे करायला विसरू नका. हसू नका, एका ठिकाणी मी बघितलंय, शाळा जास्त म्हणून गाव जास्त असुरक्षित निघालेलं.

आता वेटेज. अ गाव, नदीला खेटून, एक्स्पोजर ०.९, सेन्सिटिव्हिटी ०.३, सावरायच्या ताकदीची कमतरता ०.२. ब गाव थोडं लांब पण गरीब, ०.३, ०.६, ०.७. सगळ्यांना सारखं वजन दिलं तर अ ला येतात ०.४७ आणि ब ला ०.५३, ब पुढे. एक्स्पोजरला निम्मं वजन दिलं आणि बाकी दोघांना पाव-पाव, तर अ ०.५७५ आणि ब ०.४७५. निकाल फिरला. म्हणजे निधी कुठल्या गावाला जाणार हे पुराने नाही, एक्सेलच्या एका कॉलमने ठरवलं. लोक पीसीए करतात (डेटावरूनच वजनं काढायची संख्याशास्त्रातली रीत), एएचपी करतात (निर्देशकांची दोन-दोनची तुलना करून वजन ठरवायची रीत), तज्ज्ञांना विचारतात, सगळं ठीक आहे, पण बारा गावांवर पीसीए करू नका प्लीज, तेवढ्या डेटात त्याला काही अर्थ नसतो. अमेरिकेत कटर आणि मंडळींनी २००३ मध्ये सोशल व्हल्नरेबिलिटी इंडेक्स काढला तो तिथल्या तीन हजारांवर काउंट्यांवर (आपल्या जिल्ह्यांसारख्या) होता, ४२ निर्देशक होते. तुमच्याकडे बारा ओळी आहेत.

त्यापेक्षा तीन-चार वेगवेगळी वजनं देऊन बघा. जी गावं प्रत्येक वेळी वर येतात ती बिनधास्त वर ठेवा. जी वरखाली होतात त्यांच्याबद्दल खरं खरं लिहा की यांचा क्रम सांगता येत नाही.

आणि डेटा कुठला वापरताय? गावनिहाय म्हटलं की २०११ ची जनगणनाच हाताला लागते. त्यानंतर तुमच्याकडे दोन महापूर येऊन गेले.

—

एकटाजीव:

कर्नाटकातल्या कृष्णेवरच्या आलमट्टी धरणाची उंची कमी करा, सगळी व्हल्नरेबिलिटी खाली येईल. झाला रिपोर्ट. पैसे इकडे पाठवा 😀

—

पाटबंधारे_निवृत्त:

आलमट्टीवर या ग्रुपवर तीन वेळा भांडणं झालीत, चौथ्यांदा नको. बाईंचा प्रश्न धरणाचा नाहीच आहे.

मी या खोऱ्यात नोकरी केली, आता घरी बसून नातवंडं सांभाळतो, तर दोन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, 'सांगली जिल्हा असुरक्षित' या वाक्याचा तुम्हाला काही उपयोग नाही. जिल्हा म्हणजे काय, पश्चिमेला शिराळा चांदोलीचा पाऊस, मधे वाळवा-पलूस-मिरज नदीकाठ, तासगावला द्राक्षं ज्यांना अवकाळीचं भ्या, आणि पूर्वेला जत-आटपाडी दुष्काळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाखाली पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, इशारा पातळी ४० आणि धोका ४५ फूट आहे लक्षात घ्या, आणि त्याच दिवसांत जतकडे टँकर चालू होते. या दोघांची सरासरी काढली तर काय येईल? जिथे सगळं ठीक आहे असा एक तालुका येईल जो अस्तित्वातच नाही. जिल्ह्याचं जे, तेच गावाचं. गावाची पण सरासरी निघते तेव्हा गावठाण वरचं आणि मळ्यातली वस्ती किंवा ओढ्याकडची गल्ली एकत्र होते.

दुसरी गोष्ट, बागायतीचं. बहुतेक इंडेक्समध्ये सिंचन जास्त म्हणजे गाव सुरक्षित असं धरतात. दुष्काळाच्या बाबतीत ते बरोबर. पण आपल्या पट्ट्यात सिंचन जास्त कुठे, तर नदीला लागून. तिथेच पूर पहिला. ऊस दोन-चार दिवस पाण्यात उभा राहिला तर निभतो, पण पोंग्यात (शेंड्याच्या कोवळ्या पानांत) पाणी गेलं आणि आठवडाभर उतरलं नाही की ऊस गेला, वर सोसायटीचं कर्ज तसंच. २०१९ ला नेमकं तेच झालं. म्हणजे तोच निर्देशक दुष्काळात वजा आणि पुरात अधिक. त्यामुळे आधी 'कशाला असुरक्षित' ते ठरवा. पूर, अवकाळी, उष्णता, सगळ्याची एक भेळ करू नका.

आयर्विनच्या फुटांचा मात्र जरूर उपयोग करा. प्रत्येक गावात जुन्या माणसांना हा हिशोब पाठ असतो, आयर्विनला इतके फूट झाले की आमच्या ओढ्यातून पाणी मागं फुगतं, इतके झाले की रस्ता बंद, इतके झाले की शाळेच्या पायरीला. एका दुपारी लिहून होतं. तुमच्या बारा गावांचा असा तक्ता झाला तर मी म्हणेन की निम्मं काम झालं. औदुंबरला दत्ताच्या देवळात पाणी कधी शिरतं हे तर लहान पोर पण सांगतं. आमच्या खात्याच्या निळ्या आणि लाल पूररेषा आहेतच, निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदाची, त्या पण नकाशावर चढवा. पण रेषेच्या एक फूट बाहेर घर आहे म्हणून तो माणूस कोरडा राहतो असं नाही.

—

वाशिष्ठीकाठ:

चिपळूणहून. २२ जुलै २०२१ आम्ही विसरणार नाही, त्याच दिवशी महाडमध्ये तळीयेची दरड पडली.

काकांच्या रेषेच्या मुद्द्याला जोडून. इर्शाळवाडी आठवा, १९ जुलै २०२३ ची रात्र. दुसऱ्या दिवशी विधानसभेत सांगितलं गेलं की ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. आणि माळीण, ३० जुलै २०१४, दीडशेच्या आसपास माणसं गेली, तिथे आदल्या दिवसापर्यंत कोणाच्या डोक्यात तरी होतं का? भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशाचे दरडींचे नकाशे केलेत, काम मोठं आहे, नाही म्हणत नाही, पण ते एकास पन्नास हजार प्रमाणावर आहेत. म्हणजे नकाशावरचा एक सेंटीमीटर म्हणजे जमिनीवर अर्धा किलोमीटर. त्यात पंचवीस-तीस घरांची वाडी म्हणजे पेन्सिलीचा ठिपका. त्या नकाशाने तालुका निवडावा, वाडी निवडू नये.

अजून एक, आमच्याकडचा. कोकणात 'बाहेरून पैसा येतो' हे ताकदीत धरतात, पोरं मुंबईला, मनिऑर्डरची आता गुगल पे झाली एवढंच. पैसा येतो हे खरं आहे आणि पुरानंतर त्याच पैशावर घर पुन्हा उभं राहतं हेही खरं. पण पाणी चढतं त्या चार तासांत घरात दोन म्हातारी माणसं असतात आणि फ्रिज उचलायला, म्हातारीला माळ्यावर चढवायला हात नसतात. म्हणजे एकच गोष्ट घटनेच्या दिवशी कमजोरी आणि तीन महिन्यांनी ताकद. तुमच्या फॉर्ममध्ये 'रात्री दोन वाजता घरात कोण कोण असतं' हा प्रश्न घाला. कुटुंबात माणसं किती हा वेगळा प्रश्न आहे.

—

पोकरावाला:

मी मराठवाड्यातून, नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात (पोकरा, हवामान बदलाला तोंड देणाऱ्या शेतीसाठीचा सरकारी प्रकल्प) काम केलंय. तिथे २०१८ पासून १५ जिल्ह्यांतली साधारण पाच हजार गावं घेतली, निवडताना इंडेक्सच वापरला होता आणि मग प्रत्येक गावात जाऊन शिवारफेरी, पाण्याचा ताळेबंद, गावाबरोबर बसून आराखडा. म्हणजे इंडेक्स 'कुठे जायचं' याला, आणि 'जाऊन काय करायचं' याला गावकरी. ही विभागणी मला पटते.

फक्त आमचे निर्देशक उचलून तुमच्याकडे लावू नका. ते कोरडवाहू भागासाठी आहेत. काकांनी सिंचनाचं सांगितलं तसंच होईल. पुण्याच्या वॉटर (डब्ल्यूओटीआर) या संस्थेची कोड्राईव्ह म्हणून एक पद्धत आहे, गावकऱ्यांबरोबर बसून करायची, ती बघून घ्या, त्यात जमीन-पाणी, माणसं, पैसा, समाज असं भांडवलांच्या हिशोबाने बघतात.

बाकी तयार माल हवा असेल तर शेतीसाठी हैदराबादच्या क्रीडाचा (कोरडवाहू शेतीची केंद्रीय संशोधन संस्था) जिल्हानिहाय अभ्यास आहे, घरांच्या भिंती आणि छपरांसाठी बीएमटीपीसी या केंद्राच्या बांधकामविषयक संस्थेचा व्हल्नरेबिलिटी अॅटलास, तिसरी आवृत्ती २०१९ ची. समुद्रकाठाला इन्कॉइस या केंद्राच्या सागरी माहिती संस्थेचे नकाशे, त्यात किनाऱ्याचा उतार, उंची, लाटा, भरती-ओहोटी असले सात घटक. तुम्हाला समुद्राचा उपयोग नाही, पण इथे कोकणवाले आहेत म्हणून सांगितलं.

—

पलूसकरीण:

सगळ्यांना मनापासून थँक्यू, एवढं उत्तर येईल वाटलं नव्हतं. दोन आठवड्यांनी परत आलेय कारण मधे एका गावात जाऊन आले आणि ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. (गावाचं नाव मुद्दाम देत नाही.)

काकांचं ऐकून फुटांच्या तक्त्यापासून सुरुवात केली. पहिली बैठक ग्रामपंचायतीत, नऊ पुरुष आणि मी. तासाभरात तक्ता झाला, खरंच पाठ होता सगळ्यांना. मग एकजण म्हणाला, "२००५ चं पाणी आमच्या उंबऱ्याला टेकून गेलं, म्हणून २०१९ ला आम्ही हललोच नाही, म्हटलं याच्या वर काय येतंय." आणि ते तीन-चार फूट वर आलं. बाकी सगळे माना हलवत होते. अनुभव हा निर्देशक कुठल्या बाजूला धरायचा हो आकडेमोड साहेब? मी तर ताकदीत धरला होता, 'पूर पाहिलेली कुटुंबं' असा कॉलमच केला होता. काढून टाकला.

दुसरी बैठक संध्याकाळी देवळामागे, बायकांची. मी एकच प्रश्न विचारला, पाणी यायला लागलं की पहिलं काय हलवता? एका दमात यादी आली, जनावरं, मग धान्य, मग कागदाची पिशवी, मग म्हातारी माणसं. म्हातारी माणसं चौथ्या नंबरला का, तर ती शेवटपर्यंत जागची हलत नाहीत, "गोठा सोडून मी नाही जायची" म्हणतात. मग कुणाकडे ट्रॉली आहे, कुणाकडे नाही, नसेल तर कुणाची मिळते, ती मिळायला त्याच्याकडे कामाला असावं लागतं का, इथून ते सगळं उलगडत गेलं. दोन म्हशीवाली एक बाई म्हणाली, "ट्रॉलीत आमची जनावरं शेवटी चढत्यात. आमी वाट्यानं करतो ना शेती." तिच्या घराला जमीन नाही, सातबारा नाही. २०१९ ला पिकाचे पंचनामे सातबाऱ्यावर झाले, भरपाई मालकाच्या खात्यात. त्यातलं मालकाने किती दिलं ते विचारल्यावर ती नुसती हसली.

आता माझ्या एक्सेलमध्ये हे घर कुठे दिसतं माहितीये? पक्कं घर आहे (घरकुल), वीज आहे, मोबाईल आहे, मुलगी बारावी झालीय. स्कोअर मस्त आला असता.

शब्दाचा प्रश्न पण तिथेच सुटला. मी घोळत घोळत समजावत होते तर एक आजी म्हणाली, "म्हंजी कुणाचं आधी मोडतंय आन् कुणाचं उशिरा जुळतंय, आसंच ना?" मी गप्प बसले. फॉर्मवर हेच लिहिलंय आता, आधी कुणाचं मोडतं, उशिरा कुणाचं जुळतं.

प्रश्न राहिलाय एकच, पैसे देणाऱ्यांना १ ते १२ नंबर हवेतच. त्यांना काय देऊ?

—

थेसिस_रखडलेला:

आजींना आमच्या डिपार्टमेंटला पाठवा, माझं पहिलं चॅप्टर त्या एका वाक्यात बसतं.

नंबरांबद्दल, तीन गट द्या. वर, मधे, खाली. आकडेमोड म्हणतात तसं चार वेगवेगळी वजनं लावा आणि जे गाव चारही वेळा वर येतं तेच 'वर'. चारच गावं हवी असतील आणि वरच्या गटात पाच आली तर पाच का आली ते एका पानात लिहा. माझा अनुभव असा की पैसे देणारे नंबर मागतात कारण त्यांना त्यांच्या वरच्याला काहीतरी दाखवायचं असतं, रंगवलेला नकाशा दिला की त्यांचं पण काम भागतं.

आणि प्रत्येक गावाला एक वेगळं पान जोडा, 'गावाच्या आत'. तिथे घरांचे प्रकार येऊ द्या, वाटेकरी, एकटी म्हातारी माणसं, ट्रॉली नसलेले, ओढ्याकडची गल्ली. निधी गावाला मिळाला तरी तो आत कुणापर्यंत पोचावा हे त्या पानावर ठरेल. नाहीतर सगळा निधी वेशीवरच्या कमानीला जातो, तुम्हाला मी काय सांगणार.

—

आकडेमोड:

अनुभवाचा कॉलम काढला ते बरं केलं. निर्देशक घेण्याआधी 'हा वाढला तर धोका वाढतो की कमी होतो' याचं उत्तर गावातल्या पाच माणसांनी एकसारखं दिलं पाहिजे, हा माझा नियम. पाचांत वाद झाला तर तो निर्देशक आकड्यात नको, मजकुरात लिहायचा.

घरनिहाय किती फॉर्म भरणार आहात? सगळी घरं जमणार नाहीत तीन माणसांत. गल्ल्यांप्रमाणे भाग पाडा आणि प्रत्येक भागातून थोडी थोडी घरं, पण ओढ्याकडच्या भागातून जास्त घ्या. गावाची सरासरी काढताना त्याचा हिशोब परत सरळ करता येतो, फाईल पाठवतो.

—

पाटबंधारे_निवृत्त:

बाई, एक राहिलं होतं. ८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळला नाव उलटली, पलूस तालुक्यातच, तुम्हाला मी काय सांगायचं, तुम्ही जवळून बघितलं असेल. तर प्रत्येक गावात एवढं विचारा, नाव किती, चालू स्थितीत किती, एका वेळी माणसं किती बसतात, जॅकेट किती, आणि ती चालवायला येणारी माणसं कोण, त्यांची वयं काय. शेवटचं विचाराच. नदीत नाव चालवणारी माणसं आता साठीची झालीत, पोरं पोहायला सुद्धा शिकत नाहीत. पावसाळ्याआधी नदीतल्या पाण्याच्या मोटारी काढायला कोण उतरतं ते पण विचारा, तीच माणसं असतात बऱ्याचदा.

—

वाशिष्ठीकाठ:

+१ काका. आमच्याकडे पण नावेपेक्षा नाव चालवणाराच सापडत नव्हता.

—

पलूसकरीण:

काका, विचारलं. आज दुसऱ्या गावात होते. नावा दोन, एक ग्रामपंचायतीच्या शेडमध्ये, वर कडब्याच्या पेंड्या रचलेल्या. जॅकेटं सरपंचांच्या घरी माळ्यावर. चालवणारे तीन, ६१, ६४ आणि एक जण ३० चा, पण तो आता चाकणला कंपनीत, जुलैत सुट्टी मिळाली तर येईन म्हणाला.

आकडेमोड, फाईल पाठवाच. आणि कुणाकडे कडबा ठेवायला उंचावरच्या शेडचं साधं इस्टिमेट असेल तर ते पण, इथे बायकांनी पहिली मागणी तीच केलीय.